चेहरा कोणाचा दाखवायचा?

नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतालच्या बाजारातून एक फेरी मारली, की दशम गुरू शंभरदा भेटतात. हातावर बाज, पगडीवर कलगी, पाठीला बाणांचा भाता. कॅलेंडरवर, काचेच्या फ्रेममध्ये, किल्ल्यांच्या कडीवर, ट्रॅव्हल्सच्या मागच्या काचेवर. ऑक्टोबर १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला तो इथंच, गोदावरीच्या काठी. जाण्यापूर्वी त्यांनी, यापुढे ग्रंथ हाच गुरू, असं सांगितलं, हे शीख परंपरेचं म्हणणं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथं गुरुद्वारा उभारला आणि शिखांच्या पाच तख्तांपैकी एक तख्त मराठवाड्यात आलं. त्या बाजारात गुरूंचं चित्र विकत घ्या, घरी लावा, कुणाची हरकत नाही. पण सिनेमात गुरूंच्या भूमिकेसाठी एखाद्या नटाला दाढी-पगडी लावून उभं करायचं म्हटलं, तर शीख समाज ते चालवून घेत नाही. चित्र चालतं, नट चालत नाही.

पडद्यावर विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा बघत वाढलेल्या मराठी माणसाला हे सुरुवातीला जरा बुचकळ्यात टाकतं. मात्र विचार करू लागलं की त्यातला तर्क उमगतो. चित्रातला चेहरा कुणा हयात माणसाचा नसतो. नटाचा चेहरा मात्र हयात माणसाचाच. या शुक्रवारी तो गुरू होईल, पुढच्या शुक्रवारी खलनायक आणि मधल्या वेळात साबणाची जाहिरातही करील. शिवाय देहधारी गुरूंची परंपरा नांदेडला थांबली, असं मानणाऱ्या समाजानं पुन्हा पडद्यावरच्या एका देहापुढे हात जोडायचे, तर ग्रंथाच्या गुरुपदाचं काय?

या अटीतून वाट काढायची धडपड फार रंजक आहे. हॅरी बावेजा यांचा ‘चार साहिबजादे’ नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांची ही कथा: थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले, धाकट्या दोघांना सरहिंदच्या सुभेदारानं भिंतीत चिणलं. कुणाही नटाला ही मुलं व्हायला सांगता येणार नव्हतं, म्हणून अख्खा चित्रपट संगणकावर, त्रिमितीत केला. मुलं हलतात, बोलतात, घोड्यावर बसतात. गुरू मात्र पडद्यावर येतात ते स्थिर चित्रासारखे, आणि कथा पुढे सरकते ती ओम पुरींच्या निवेदनातून. सभोवार सगळी धामधूम चाललेली आणि मधोमध एक निश्चल आकृती. तंत्राच्या हिशेबानं ही अडचणच. पण तो प्रसंग बघताना वाटतं, बरं झालं ही अट होती. त्या एका न हलणाऱ्या आकृतीमुळेच बाकीच्या हालचालीला वजन येतं. दिग्दर्शकाला हे मोकळ्या हातानं सुचलं असतं का, मला शंका आहे.

दोन वर्षांनी त्याचा पुढचा भाग आला, बंदासिंग बहादूर यांच्यावर. ही कथा तर नांदेडचीच. गोदाकाठी मठ करून राहिलेला माधोदास बैरागी १७०८ मध्ये गुरूंना भेटला, त्यांचा ‘बंदा’ झाला आणि पंजाबात जाऊन १७१० साली त्यानं सरहिंद घेतलं. गोदावरीच्या घाटाला आजही त्याचं नाव आहे. हिंदी सिनेमात नांदेड हे गाव फारसं कधी आलं नाही. आलं ते असं, संगणकानं रेखाटलेलं.

‘नानक शाह फकीर’ची गोष्ट कडवट आहे. हरिंदरसिंग सिक्का यांचा हा चित्रपट एप्रिल २०१५ मध्ये लागला आणि विरोधामुळे लगेच उतरवला गेला. गुरू नानक नटानं साकारलेले नाहीत, ते संगणकानं घडवलेले आहेत, असा निर्मात्याचा खुलासा होता. तो मानला गेला नाही. गंमत अशी, की याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार मिळाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदर्शनाला मुभा दिली, आणि अमृतसरच्या अकाल तख्तानं सिक्का यांना पंथाबाहेर काढलं. कायद्यानं जिंकलेला माणूस पंगतीतून उठवला गेला. श्रद्धेवरच्या चित्रपटांचे खटले बहुतेकदा असेच सुटतात: निकाल लागतो, भांडण मिटत नाही.

ही अडचण एकट्या शिखांची नाही. इस्लामच्या प्रेषितांचं चित्र काढायचं नाही, हा दंडक तर आणखी कडक. मुस्तफा अक्काद यांनी १९७६ मध्ये ‘द मेसेज’ केला तेव्हा प्रेषित पडद्यावर आणलेच नाहीत, त्यांचा आवाजही नाही. कॅमेराच त्यांचे डोळे झाला. इतर पात्रं सरळ कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. आपल्याकडच्या ‘मेरे गरीब नवाज’सारख्या (१९७३) चित्रपटांनी आणखी सोपा रस्ता धरला. दर्गा दाखवायचा, चादर दाखवायची, कव्वाली लावायची आणि नवस बोलणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा ठेवायचा. नांदेड जिल्ह्यातल्या कंधारच्या दर्ग्याच्या उरुसाला जाणाऱ्याला त्यात काहीच परकं वाटणार नाही, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

शीख परंपरेतही रेघ कुठं आखायची हे ठरलेलं आहे आणि ती जिथं आखली आहे ती जागा आपल्या कामाची आहे. गुरू ग्रंथसाहिबात गुरूंखेरीज अनेक भगतांची वाणी आहे. त्यातले भगत धन्ना १९७४ मध्ये पडद्यावर आले ते चक्क दारासिंगांच्या रूपात. ‘भगत धन्ना जट’ हा पंजाबी चित्रपट त्यांनीच दिग्दर्शित केला. म्हणजे ज्याची पदं ग्रंथात आहेत असा भगत पैलवानानं केला तरी चालतो, गुरू नाही. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांचं नरसी हे गाव हिंगोली जिल्ह्यात, नांदेडहून जवळच. गुरुद्वाऱ्यात ज्या ग्रंथापुढे संगत माथा टेकते त्यात शेजारच्या गावच्या शिंप्याचे शब्द आहेत, आणि त्याच नामदेवांच्या घरची दासी म्हणवणारी जनाबाई गोदेकाठच्या गंगाखेडची. तिच्यावर प्रभातनं १९४९ मध्ये ‘संत जनाबाई’ काढला. एकाच नदीच्या काठी, पाऊणशे किलोमीटरच्या आत, चेहरा नाकारणारी श्रद्धा आहे आणि चेहऱ्याशिवाय जिचं पान हलत नाही अशीही आहे.

दुसऱ्या प्रकारच्या श्रद्धेचा सिनेमा म्हणजे थेट आपला सिनेमा. फाळक्यांना चित्रपटाचं वेड लागलं तेच ख्रिस्ताच्या चरित्रावरचा चित्रपट बघून. ख्रिस्त दिसतो तर राम-कृष्ण का दिसू नयेत, हा त्यांचा सवाल. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता दोघंही केले, तरी लोक जोडे काढून बसले. मराठवाड्याच्या संतांपैकी पैठणच्या एकनाथांवर व्ही. शांताराम यांनी १९३५ मध्ये चित्रपट काढला, आणि नाथांच्या भूमिकेत होते बालगंधर्व. रंगभूमीवर ज्यांच्या शालूची नक्कल घरोघरच्या बायका करत, ते इथं संत. चित्रपटाचं नाव ‘महात्मा’ ठेवलं होतं. त्यातून गांधीजी आठवतात म्हणून सेन्सॉरनं ते बदलायला लावलं आणि ‘धर्मात्मा’ झालं. अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत १९३५ मध्ये दाखवणं हे पुराण सांगणं नव्हतंच. सरकारला ते बरोबर कळलं होतं.

पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ आला. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाला १९३७ मध्ये व्हेनिसला मान मिळाला, मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. त्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्याचं पुढे काय झालं. स्त्री-भूमिका करणारा हा नट तुकोबा झाला तो कायमचा. त्यांचे तुकोबाच्या वेशातले फोटो देव्हाऱ्यात गेले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेलं एक पद भल्याभल्यांनी तुकोबांचाच अभंग म्हणून धरलं. गाथा बुडवली, तरंगून वर आली, ती आख्यायिका. इथं तर गाथेत नसलेला अभंग लोकांनी गाथेत नेऊन ठेवला. अमृतसरला ज्याची धास्ती वाटते ते हेच, आणि पुण्यात ते घडून गेलं. वारकऱ्यांचं त्यात काही बिघडलं का? मला तरी तसं दिसत नाही. ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये (१९४०) माउली झालेले शाहू मोडक नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातले. ते पूर्वी आणि नंतरही कित्येकदा कृष्ण झाले. माळकऱ्यांनी त्यांची जात-धर्म विचारली नाही, हेही या परंपरेचं एक बळ आहे.

पण ‘संत तुकाराम’ टिकला तो पागनीसांमुळे जेवढा, तेवढाच जिजाईमुळे. गौरी नावाच्या नटीनं ती केली. घरात पोरं उपाशी, नवरा टाळ कुटतोय. बाई संतापून पायताण हातात घेते आणि देवळात जाऊन विठोबाला फैलावर घेते. हा प्रसंग आज कुणी नव्यानं लिहिला तर निर्माता म्हणेल, राहू द्या, उगाच भावना दुखावतील. १९३६ मध्ये लोकांनी तो हसत आणि डोळे पुसत बघितला, कारण विठोबाशी असं भांडणं हा घरातल्या माणसाशी भांडण्याचाच प्रकार होता. शेवटी विमान आलं तेव्हाही जिजाई वैकुंठाला गेली नाही. तिला घर होतं, चूल होती, पोरं होती. श्रद्धेचा चित्रपट म्हणून हा मोठा आहे तो चमत्कारांमुळे नाही. चमत्कार त्यात आहेत आणि आज ते बाळबोध दिसतात. तुकोबांच्या भक्तीची किंमत घरात कोण चुकवतं, हे दिग्दर्शकांनी लपवलं नाही.

देव चेहरा घेऊन आला किंवा न घेता, प्रेक्षक मात्र सारखाच वागतो. ‘नानक नाम जहाज है’ १९६९ मध्ये, गुरू नानकांच्या जन्माच्या पाचशेव्या वर्षी लागला. पडद्यावर गुरू नव्हते, गुरुद्वारे होते. तरी लोक डोकं झाकून, जोडे बाहेर काढून थिएटरात शिरले. सहा वर्षांनी ‘जय संतोषी माँ’ आला. तिथं देवी अनिता गुहांच्या रूपात समोरच होती, आणि लोकांनी पडद्याकडे फुलं नि नाणी फेकली. त्यानंतर मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतही शुक्रवारचा गूळ-चणा सुरू झाला, आंबट वर्ज्य झालं. जी देवी आजीला माहीत नव्हती तिचं उद्यापन नातीनं केलं. कथानकंही सारखीच. ‘नानक नाम जहाज है’मध्ये नायकाची गेलेली दृष्टी हरमंदिर साहिबात परत येते, ‘अमर अकबर अँथनी’त (१९७७) निरुपा रॉयची दृष्टी साईबाबांसमोर येते. डोळे जाणं-येणं हा आपल्या भक्तिपटांचा ठरलेला चमत्कार. त्याचं कारण उघड आहे: बघण्याच्या माध्यमात बघण्याचाच प्रसाद सगळ्यांत मोठा.

आता नांदेड जिल्ह्याचंच दुसरं टोक, माहूर. साडेतीन पीठांपैकी एक असलेल्या रेणुकेच्या गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, नुसता भव्य मुखवटा आहे, शेंदूर ल्यालेला. प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो. म्हणजे इथं देवी अक्षरशः चेहराच आहे. कर्नाटकातल्या सौंदत्तीची यल्लमा हे तिचंच रूप मानतात, आणि यल्लमाला सोडलेल्या जोगतिणी-जोगत्यांवर राजीव पाटील यांनी ‘जोगवा’ (२००९) केला, राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरून. मुक्ता बर्वेची सुली आणि उपेंद्र लिमयेचा तायप्पा या दोघांनाही गावानं देवीच्या नावानं मोडून काढलेलं. केसात जट आली, की पोरगी देवीची; कुणी विचारायचं नाही. या चित्रपटात देवी कधीच बोलत नाही. बोलतात ते तिच्या वतीनं गावातली माणसं, आणि सगळा अन्याय त्या ‘वतीनं’मध्ये आहे. लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अजय-अतुल यांनाही. गाणी लग्नाच्या वरातीत वाजू लागली, ज्या दुखण्यावर ती बेतली होती ते मागे राहिलं. गाणं फार चांगलं झालं, की असं होतं.

लातूरकडे वळलं की चित्र एकदम पालटतं. लातूरचं पंढरपूरशी नातं जुनं; १९११ मध्ये बार्शी लाइटची छोटी गाडी लातूरपर्यंत आली आणि कुर्डुवाडीवरून पंढरीला जायची सोय झाली. लातूरजवळच्या बाभळगावचे रितेश देशमुख मराठीत नायक म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते पंढरपूरच्याच कथेत. निशिकांत कामत यांचा ‘लय भारी’ ११ जुलै २०१४ ला, आषाढी एकादशीनंतर दोनच दिवसांनी लागला. मूल नसलेली बाई वारीत जाते, पहिलं मूल विठ्ठलाला वाहीन असा नवस बोलते, जुळे होतात, एक विलायतेत वाढतो आणि दुसरा, माउली, पंढरपुरात. पुढची मारामारी सांगायला नको. शिट्ट्या-टाळ्यांच्या गजरात चाललेला तो चित्रपट मला आवडला. पण त्यातला विठ्ठल बघितला की जिजाईचा विठ्ठल आठवून थोडी चुटपुट लागते. इथं देव नायकाच्या पाठीशी जामीनदारासारखा उभा आहे. नायकाला त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्या नावानं दुसऱ्याला हाणायचं आहे. चार वर्षांनी आलेल्या रितेश यांच्या दुसऱ्या मराठी चित्रपटाचं तर नावच ‘माऊली’.

याच दशकात मराठीनं उलट दिशेनंही बघितलं. उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) करडी गाय शोधायला गेलेल्या केशाला उंबराखाली गुंगीत दत्त दिसतो. मंगरूळ गावाला दवाखाना हवा असतो, त्यासाठी गावातले अण्णा खटपट करत असतात. गावाला मिळतं देऊळ. मग दुकानं, ध्वनिफिती, रिक्षा, जमिनीचे भाव. शेवटी केशा मूर्तीच उचलून नेतो, आणि गाव दुसरी बसवतं. चित्रपट देवाची टिंगल करत नाही, म्हणूनच तो बोचतो. एकट्या केशाची श्रद्धा त्यात खरी आहे आणि धंद्याला तिचा काही उपयोग उरलेला नाही.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर या वाटेवरचा सगळ्यांत जवळचा चित्रपट ‘दशक्रिया’. बाबा भांड यांच्या कादंबरीवर संदीप पाटील यांनी तो केला, पैठणच्या गोदावरीवर. भान्या नावाचा पोरगा घाटावर राख चाळतो. चिता विझली, अस्थी नेल्या, की मागे राहिलेली राख नदीत कालवायची, हातानं चाळायची, आणि प्रेताबरोबर ठेवलेलं नाणं, सोन्याचा कण हाती लागतो का बघायचं. वर घाटावर पिंडदानाचे दर ठरताहेत, खाली पाण्यात हा पोरगा कमरेएवढा उभा. मनोज जोशी यांनी किरवंताची भूमिका केली आणि त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. नोव्हेंबर २०१७ मध्ये तो लागायच्या तोंडावर पैठणच्या पुरोहितांनी हरकत घेतली, बंदीची मागणी औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली आणि फेटाळली गेली.

ही हरकत आणि अमृतसरची हरकत वरून एकसारख्या दिसतात. दोन्हींत भावना दुखावल्याचं निवेदन, दोन्हींत कोर्ट. एकाच मापानं त्या मोजू नयेत, असं माझं मत आहे. शिखांचं म्हणणं गुरूंबद्दल होतं: गुरूंना कुणाचा तरी चेहरा चिकटवू नका. निर्मात्यानं त्यातून वाट काढली तर चांगला चित्रपट होऊ शकतो, हे ‘चार साहिबजादे’नं दाखवलं. पैठणची तक्रार देवाबद्दल नव्हतीच, ‘दशक्रिया’त देव कुठं दिसतही नाही. घाटावर कुणाकडून किती घेतलं जातं, हे पडद्यावर आलं, याची ती तक्रार होती. चार शतकांपूर्वी त्याच गावच्या नाथांना त्याच घाटावरच्या मंडळींनी वाळीत टाकल्याच्या कथा आपण कीर्तनात ऐकतो, आणि शांतारामबापूंनी त्यावर चित्रपट केला तेव्हा कुणाला त्यात पैठणची बदनामी दिसली नाही. एकनाथ होऊन गेलेले होते. भान्या अजून पाण्यात उभा होता.